वाकळ पारखताना

आमच्या चंदगडात पाऊस मुक्कामाला येतो. अशा गावी पांघरूण घेताना ते धुऊन वाळेल का, हे मी आधी बघतो, ऊब नंतर. कापसाची रजई उबदार खरी, पण ओल धरली की आतला कापूस गोळा होतो आणि पिंजारी शोधावा लागतो. वाकळ थरांची. जुन्या सुती लुगड्यांची असेल तर घाम टिपते, धुतल्यावरही आकार सोडत नाही. घेताना उलटून पाहा : टाका नखाएवढा, दोन्ही अंगांना उमटलेला हवा, काठाची पट्टी दुहेरी हवी. हाताला सुळसुळली तर आत नायलॉन समजा. असे टाके घालण्यात बाईचे कितीतरी दिवस जातात. टाके दाट मागायचे आणि मजुरी विरळ द्यायची, हे बरे नव्हे.