रस्ता आला की वस्ती वाढते, पण ती हिशेबात धरली का?

हालगा-मच्छे बायपास असो की बेळगावचा नियोजित रिंगरोड, आपल्याकडची चर्चा दोन गोष्टींभोवती फिरते. कुणाची किती जमीन जाणार आणि गुंठ्याला किती भरपाई मिळणार. दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. येळ्ळूर, वडगाव, शहापूर शिवारातली बासमतीची जमीन एकदा गेली की परत येत नाही. पण तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. रस्त्यालगतची जी जमीन संपादनात जात नाही, तिचं पुढच्या वीस वर्षांत काय होणार?

याचा अंदाज बांधायची एक पद्धत आहे. तिला लँड यूज मॉडेल, म्हणजे जमीन वापराचं मॉडेल म्हणतात. नाव जड वाटेल, पण आत सगळा हिशेबच आहे.

आधी नेहमीचा हिशेब बघू

मोठा रस्ता आखताना तज्ज्ञ त्या भागाचे लहान लहान तुकडे पाडतात. त्यांना झोन म्हणतात. प्रत्येक झोनमध्ये माणसं किती, नोकऱ्या किती, हे मांडतात. मग चार पायऱ्या होतात. रोज किती फेऱ्या निघतील, त्या कुठून कुठे जातील, दुचाकीने की बसने की मोटारीने जातील, आणि कोणत्या रस्त्याने जातील. यावरून रस्ता दोन पदरी हवा की चार पदरी ते ठरतं. ही पद्धत 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या डेट्रॉइट, शिकागोसारख्या शहरांत आकाराला आली आणि पुढे जगभर गेली.

यात एक मेख आहे. वीस वर्षांनंतरची लोकसंख्या आधीच ठरवून या हिशेबात घातली जाते. रस्ता झाला काय, न झाला काय, आकडा तोच!

आता समजा, एका झोनमध्ये 400 घरं आहेत आणि घरामागे रोज 6 फेऱ्या धरल्या. झाल्या 2,400 फेऱ्या. त्यावर रस्ता आखला. रस्ता होताच शेतात प्लॉट पडले, एनए झालं, मंगल कार्यालयं आली आणि घरं झाली 1,000. म्हणजे 6,000 फेऱ्या. शहरातली कोंडी फोडायला केलेला बायपास काही वर्षांत स्वतःच कोंडीत सापडतो. हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिलंय.

मॉडेल काय करतं?

माणूस राहायची जागा निवडताना काम, बाजार, शाळा किती मिनिटांवर आहे ते बघतो. पोच सुधारली की जमिनीचा वापर बदलतो, हे वॉल्टर हॅन्सन यांनी 1959 मध्ये वॉशिंग्टन परिसराचा अभ्यास करून आकड्यांत मांडलं. 1964 मध्ये आयरा लॉरी यांनी पिट्सबर्गसाठी नोकऱ्या, घरं आणि दुकानं कुठे बसतील याचं गणित तयार केलं. आजची मॉडेल त्याच वाटेने पुढे आली.

प्रत्येक झोनमध्ये मोकळी जमीन किती, भाव काय, बांधकामाचे नियम काय आणि प्रवासाला वेळ किती, हे मॉडेलमध्ये घालतात. त्यातून नवी घरं आणि कारखाने कुठे जातील ते निघतं. ते वाहतुकीच्या हिशेबात घातलं की प्रवासाचे वेळ बदलतात. ते वेळ परत जमिनीच्या हिशेबात जातात. असं टप्प्याटप्प्याने वीस-पंचवीस वर्षं पुढे नेतात. आणि हे दोनदा करायचं असतं, एकदा रस्ता धरून आणि एकदा रस्ता न धरता. दोन उत्तरांतला फरक हाच त्या रस्त्याचा खरा परिणाम.

शिकागोत काय झालं?

शिकागोच्या नैर्ऋत्येला आय-355 हा टोल रस्ता सुमारे 20 किलोमीटर वाढवायचा होता. पर्यावरण संघटना कोर्टात गेल्या. रस्ता केला तर काय आणि नाही केला तर काय, या दोन्ही पर्यायांना सरकारी अहवालात लोकसंख्येचा एकच अंदाज लावलेला होता, तोही रस्ता होणार असं गृहीत धरून. 1997 मध्ये फेडरल कोर्टाने तो अहवाल अपुरा ठरवला. अभ्यास नव्याने करावा लागला. रस्ता शेवटी झालाच, 2007 मध्ये सुरू झाला. पण तुलना खरी हवी, एवढं तरी त्या निकालाने ठरलं.

सीमाभागाची वेगळी अडचण

आपल्या भागात आणखी एक गोष्ट तपासावी लागते. चंदगड तालुका महाराष्ट्रात, पण तिथल्या कितीतरी लोकांचा बाजार आणि दवाखाना बेळगावात. शिनोळीच्या कारखान्यांची ये-जा रोजची. अभ्यासाची हद्द राज्याच्या सीमेवर थांबवली, तर पलीकडची गावं झोन म्हणून येतच नाहीत. तिकडून येणारी वाहनं फक्त "बाहेरची" म्हणून मोजली जातात. मग रस्त्यामुळे पलीकडे वस्ती किती वाढेल, हे त्या हिशेबात कुठून दिसणार? गोव्याच्या सीमेवरही हेच लागू होतं.

मॉडेल म्हणजे भविष्यवाणी नव्हे, हेही खरं. त्याला माहिती भरपूर लागते, आणि 1973 मध्येच डग्लस ली यांनी अवाढव्य मॉडेलांवर कडक टीका केली होती. रस्त्याची कुणकुण लागताच जमिनी घेऊन ठेवणारे लोक गणितात नीट पकडता येत नाहीत. पण परिणाम शून्य धरणं हासुद्धा एक अंदाजच आहे, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा निघतो.

मग विचारायचं काय?

राष्ट्रीय महामार्गासाठी भूसंपादनाची अधिसूचना निघाली की 21 दिवसांत हरकत घेता येते. शहर विकास आराखड्याच्या मसुद्यावरही हरकती मागवतात. माहिती अधिकारात प्रकल्प अहवालातलं वाहतूक अंदाजाचं प्रकरण मागता येतं. ते हातात आलं की तीन गोष्टी बघा. रस्ता धरून आणि न धरता असे लोकसंख्येचे दोन वेगळे आकडे आहेत का? सीमेपलीकडची गावं झोनमध्ये आहेत का? रस्त्यालगतची शेती शेतीच राहील असं धरलंय, की तिथे प्लॉट पडतील असं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी मागा. प्लॉट पडणार असतील, तर गटार, पाणी आणि बसचा खर्च कुणाच्या खात्यावर पडणार, हेही त्याच अर्जात विचारून घ्या.