पंतप्रधान कोणाचा? ऑस्ट्रेलियातले नेतृत्वबदल आणि मतदारांचा राग

मागच्या व्याख्यानात आपण प्रतिनिधित्व या कल्पनेची तात्त्विक बाजू पाहिली. आज तीच कल्पना एका देशात तपासून पाहू. देश आहे ऑस्ट्रेलिया.

जून २०१० ते ऑगस्ट २०१८ या काळात तिथे चार वेळा पदावर असलेला पंतप्रधान त्याच्याच पक्षाने बाजूला केला. २०१० मध्ये केविन रड, २०१३ मध्ये ज्युलिया गिलार्ड, २०१५ मध्ये टोनी अॅबट आणि २०१८ मध्ये माल्कम टर्नबुल. पहिले दोघे लेबर पक्षाचे, नंतरचे दोघे लिबरल. म्हणजे हा एका पक्षाचा दुर्गुण होता असं म्हणायची सोय नाही. प्रत्येक वेळी लोकांच्या तोंडी एकच प्रश्न आला: आम्ही निवडलेल्या माणसाला काढणारे हे कोण?

या प्रश्नाला कायद्याचं उत्तर ठरलेलं आहे. तुम्ही पंतप्रधान निवडलाच नव्हता. तुम्ही तुमच्या मतदारसंघाचा खासदार निवडला. ज्याच्या मागे कनिष्ठ सभागृहाचं बहुमत, तो पंतप्रधान. गंमत अशी की ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत ‘पंतप्रधान’ हा शब्दसुद्धा नाही. आपल्या राज्यघटनेत तो आहे, अनुच्छेद ७४ आणि ७५ बघा. तिथे मात्र हे पद निव्वळ संकेतावर उभं आहे. पक्षाचे खासदार बंद दाराआड जमतात, नेतेपद रिकामं करण्याचा ठराव येतो, त्याला तिकडे ‘स्पिल’ म्हणतात, आणि गुप्त मतदानाने नवा नेता ठरतो. सकाळी एक पंतप्रधान, संध्याकाळी दुसरा. सगळं नियमाला धरून.

मग लोक चिडतात ते अज्ञानामुळे का? बरेच जाणकार तसं म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. २००७ ची निवडणूक लेबर पक्षाने ‘केविन ०७’ या घोषणेवर लढवली होती. टी-शर्टवर नाव रड यांचं. प्रचारात एका माणसाकडे बोट दाखवून मत मागायचं आणि नंतर ‘तुम्ही तर फक्त खासदार निवडला होता’ असं सांगायचं, यात गफलत मतदाराची नाही. शिवाय १९२४ पासून तिथे संघीय निवडणुकीत मतदान सक्तीचं आहे. ज्याला मत द्यायला कायद्याने भाग पाडलं जातं, त्याने ‘माझ्या मताचं काय झालं?’ असं विचारणं अगदी स्वाभाविक आहे.

पण इथे थोडं थांबू या. लोक प्रत्येक बदलावर सारखेच चिडले का? नाही. आणि खरं शिकण्यासारखं यातच आहे.

१९९१ चं उदाहरण घ्या. बॉब हॉक यांनी लेबरला चार निवडणुका जिंकून दिल्या होत्या. त्यांना अर्थमंत्री पॉल कीटिंग यांनी जूनमध्ये आव्हान दिलं. ४४ विरुद्ध ६६ मतांनी कीटिंग हरले आणि मंत्रिमंडळ सोडून मागच्या बाकावर गेले. पुढचे सहा महिने देश हा वाद पाहत होता. मंदी होती, आणि सरकारला दिशा उरली आहे का यावर उघड चर्चा चालू होती. डिसेंबरमध्ये कीटिंग ५६ विरुद्ध ५१ मतांनी जिंकले. १९९३ ची निवडणूकही त्यांनी जिंकली.

आता २०१० बघा. २३ जूनच्या रात्री गिलार्ड यांनी आव्हान दिल्याचं जाहीर झालं. हरणार हे कळल्यावर रड यांनी मतदान होऊच दिलं नाही. २४ जूनला गिलार्ड पंतप्रधान झाल्या, देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान. रात्री झोपताना एक आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुसरा, असा अनुभव लोकांना आला. कारण काय दिलं? चांगलं सरकार वाट चुकत होतं, एवढंच. रड यांच्या कार्यपद्धतीबद्दल सहकारी मंत्री मोकळेपणाने बोलले ते फेब्रुवारी २०१२ मध्ये, तब्बल वीस महिन्यांनी! तोवर लोकांनी आपापली कारणं लावून टाकली होती. ऑगस्ट २०१० च्या निवडणुकीत दोन्ही बाजूंना १५० पैकी ७२-७२ जागा मिळाल्या आणि गिलार्ड यांना अपक्षांच्या व ग्रीन्सच्या आधारावर सरकार चालवावं लागलं.

२०१५ मध्ये टर्नबुल यांनी आव्हान देताना कारणं समोर ठेवली: आर्थिक नेतृत्व कमी पडतंय आणि लागोपाठ तीस जनमत चाचण्यांत सरकार मागे आहे. त्यांचं स्वागत झालं, सरकारची लोकप्रियता वाढली. २०१८ मध्ये मात्र त्यांनाच काढून स्कॉट मॉरिसन आले, आणि ‘टर्नबुल आता पंतप्रधान का नाहीत?’ हा साधा प्रश्न विरोधक संसदेत पुन्हा पुन्हा विचारत राहिले. धड उत्तर मिळेना. टर्नबुल यांनी सोडलेली सिडनीची वेंटवर्थ ही जागा, लिबरल पक्षाचा जुना बालेकिल्ला, पोटनिवडणुकीत अपक्ष उमेदवाराकडे गेली आणि सरकारचं बहुमतही गेलं.

म्हणजे हिशेब अगदी सरळ आहे असं नाही हं. मॉरिसन २०१९ ची निवडणूक जिंकले. राग नेहमी मतपेटीत उतरतो असा नियम नाही.

तात्त्विक बाजू अशी. १७७४ मध्ये एडमंड बर्क यांनी ब्रिस्टलच्या मतदारांना बजावलं होतं की प्रतिनिधी हा निरोप्या नव्हे, त्याने स्वतःची बुद्धी वापरली पाहिजे. आम्हाला हे मान्य आहे. पण बर्क यांनी ते मतदारांसमोर उभं राहून, कारणांसह सांगितलं होतं. स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेण्याचा अधिकार मागायचा, तर तो निर्णय समजावून सांगण्याचं कर्तव्यही पत्करावं लागतं. बंद खोलीतल्या गुप्त मतदानात अधिकार वापरला जातो. कर्तव्य मात्र दाराबाहेर राहतं.

दोन्ही पक्षांनी पुढे नियम कडक केले. लेबरने २०१३ मध्ये पदावरच्या पंतप्रधानाला आव्हान देण्यासाठी ७५ टक्के खासदारांच्या सह्यांची अट घातली. लिबरल पक्षाने २०१८ च्या डिसेंबरमध्ये निवडणूक जिंकलेल्या पंतप्रधानाला हटवायला दोन-तृतीयांश मतं आवश्यक केली. यामुळे बदल अवघड झाला, हे खरं. पण बदल अवघड होणं वेगळं आणि बदलाचं कारण सांगितलं जाणं वेगळं. नालायक नेत्याला वेळेवर दूर करता येणं हा संसदीय पद्धतीचा मोठा गुण आहे, तो आवळून टाकणं म्हणजे रोग एक आणि औषध भलतंच.

तेव्हा ‘आम्ही निवडलेल्याला काढणारे तुम्ही कोण?’ या प्रश्नाचं शब्दशः उत्तर कायदा देतो. त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे: ‘का काढलंत, ते आम्हाला सांगणार की नाही?’ लोकशाहीत हा दुसरा प्रश्न विचारायचा हक्क मतदान केंद्रातून बाहेर पडल्यावर संपत नाही.

पुढच्या वेळी याच धाग्यावरून पक्षांतर्गत लोकशाहीकडे जाऊ. तोवर आपले प्रश्न जरूर कळवा.