आधी वारा, मग पार्टी!

सेलिंग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? पांढरे कपडे, गॉगल, हातात ग्लास आणि मागे मावळता सूर्य? गेले काही सीझन मी वीकएन्डला मुंबईच्या बंदरात क्रू म्हणून रेस करतेय. विश्वास ठेवा, पहिल्या दहा मिनिटांत खाऱ्या पाण्याने गॉगलमधून काहीच दिसेनासं होतं!

पावसाळा सरला की ऑक्टोबर ते मे गेटवेसमोर शिडं दिसू लागतात. इथला रॉयल बॉम्बे यॉट क्लब तर 1846 पासूनचा. शाळेत पाठ केलेले मतलई आणि खारे वारे इथे अंगावर येतात. सकाळी जमिनीवरून येणारा वारा मध्येच पडतो, दुपारी समुद्रावरून सुटतो. त्यात ओहोटीचं पाणी आणि वारा समोरासमोर आले की लाटा उभ्या होतात आणि बोट आपटत जाते. एलिफंटाच्या लाँचेस चुकवायच्या, दोर ओढून तळहात सोलून घ्यायचे. सोमवारी ऑफिसात माऊससुद्धा धरवत नाही.

मग जायचं कशाला? संध्याकाळसाठी! बँकवाला, आयटीवाली, डेंटिस्ट, सगळे ओल्या कपड्यांत एकाच टेबलावर. ‘वळणावर मला रस्ता का नाही दिलास?’ हे भांडण हसतखेळत रात्रीपर्यंत चालतं. कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिन बेटावर 1980 पासून होणाऱ्या रेगाटाचं ब्रीदवाक्यच आहे ‘सिरियस फन’.

पण यातला ‘सिरियस’ विसरून चालत नाही. 1998 च्या सिडनी-होबार्ट शर्यतीत 115 बोटी निघाल्या. वादळात फक्त 44 पोहोचल्या आणि 6 जणांचा जीव गेला. शर्यतीचे आंतरराष्ट्रीय नियम साफ सांगतात, रेसमध्ये उतरायचं की नाही, पुढे जायचं की नाही, ही जबाबदारी त्या त्या बोटीचीच. संकटात असलेल्याला मदत करणंही बंधनकारक, आणि त्यापायी मागे पडलेली बोट भरपाई मागू शकते.

मागच्या सीझनला आम्ही तिसरे होतो. वारा चढत गेला. स्किपरने प्रत्येकाला विचारलं, ‘जमेल?’ नवीन आलेली मुलगी म्हणाली, ‘भीती वाटतेय.’ त्याने रेस सोडली. मी चिडले होते. संध्याकाळी मात्र कुणीही तिला टोमणा मारला नाही, उलट तिच्यासाठी खुर्ची ओढली गेली. पुढच्या रविवारी ती परत आली. आज आमचं पुढचं शीड तीच सांभाळते.

हौशी रेगाटाची मजा बारमध्ये नव्हे, बोटीवरच ठरते. स्किपर सतत खेकसत असेल, तर नवा माणूस दुसऱ्यांदा फिरकत नाही. म्हणून क्रू शोधताना बोटीचा वेग नंतर विचारा. वारा वाढल्यावर स्किपर काय करतो, ते आधी विचारा. लाइफ जॅकेट घट्ट बांधा आणि ग्लास किनाऱ्यावर ठेवा. तो तुमची वाट बघेल!