तीच बेटे, पुन्हा एकदा?

अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारताने १९७१ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये कसोटी मालिका जिंकली आणि सुनील गावसकर यांनी पदार्पणाच्या त्या मालिकेत ७७४ धावा केल्या, तेव्हा पोर्ट ऑफ स्पेन, ब्रिजटाऊन, किंग्स्टन ही नावे आपल्याकडे घरोघरी पोहोचली. ती बेटे आपण कधी डोळ्यांनी पाहू, असे त्या वेळी फारच थोड्यांच्या मनात आले असेल. आज चित्र पालटले आहे. अनेक कुटुंबांतील मुले-मुली अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. निवृत्त आई-वडील हिवाळ्यात त्यांच्याकडे जातात आणि मुले त्यांना हौसेने फ्लोरिडाहून निघणाऱ्या कॅरिबियन सागरसफरीवर पाठवतात.

इंदूर शाखेत माझ्यासोबत काम केलेले एक ज्येष्ठ सहकारी आणि त्यांच्या पत्नी अशा तीन सफरी करून आले होते. मुलीने चौथ्या सफरीचा विषय काढला, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "पुन्हा तोच रस्ता आणि तीच दुकाने? त्यापेक्षा घरी नातवंडांबरोबर बसलेले बरे." सहकाऱ्यांचे म्हणणे वेगळे होते. गुडघे साथ देत आहेत तोवरची वर्षे मोजकी आहेत आणि निवृत्तीच्या पुंजीतून प्रवासासाठी काढून ठेवलेली रक्कमही मोजकीच आहे. ती पुन्हा त्याच समुद्रावर खर्च करावी का, असा त्यांचा प्रश्न होता. वरकरणी तो एका दांपत्याचा वाटतो. परंतु वारंवार क्रूझने जाणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी पडतोच. कॅरिबियन बेटांचा कंटाळा येतो का? येत असेल, तर तो नेमका कशाचा?

मार्ग ठरलेले का असतात?

जगातील क्रूझ व्यवसायात कॅरिबियन हा सर्वांत मोठा प्रदेश आहे. त्याचे कारण भूगोलात आहे. मायामी, फोर्ट लॉडरडेल आणि पोर्ट कॅनव्हेरल ही फ्लोरिडातील बंदरे या समुद्राच्या उंबरठ्यावर आहेत. मोठे प्रवासी जहाज ताशी सुमारे २० सागरी मैल, म्हणजे ३७ किलोमीटर, वेगाने जाते. मायामीहून सेंट थॉमस बेट गाठायला त्याला सुमारे दोन दिवस लागतात. सात रात्रींच्या सफरीत जाऊन परत यायचे म्हटले, की मधल्या तीन-चार मुक्कामांसाठी मोजकीच बंदरे हाताशी उरतात.

म्हणून मार्गांचे ढोबळमानाने तीन गट पडले आहेत. पूर्वेकडच्या मार्गावर सान हुआन, सेंट थॉमस आणि सेंट मार्टिन येतात. पश्चिमेकडे मेक्सिकोचे कोझुमेल, ग्रँड केमन, जमैका आणि होंडुरासचे रोआतान बेट आहे. दक्षिणेकडे अरुबा, कुरासाव, बार्बाडोस, ग्रेनाडा, सेंट लुशिया ही बेटे आहेत. मात्र त्यांसाठी बहुधा सान हुआन किंवा ब्रिजटाऊनसारख्या बंदरातून निघावे लागते, नाहीतर फ्लोरिडाहून अधिक दिवसांची सफर घ्यावी लागते.

याला कायद्याचीही जोड आहे. बहुतेक क्रूझ जहाजांची नोंदणी बहामा, पनामा यांसारख्या देशांत असते. अमेरिकेच्या १८८६ च्या एका कायद्यानुसार परदेशी नोंदणीचे जहाज अमेरिकी बंदरातून प्रवासी घेऊन त्याच बंदरात परतणार असेल, तर त्याला वाटेत किमान एका परदेशी बंदराला भेट द्यावीच लागते. फ्लोरिडाला अगदी लागून असलेले बहामाचे नासाऊ या कामी सोयीचे पडते. तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींत नासाऊ पुन्हा पुन्हा भेटते, ते यामुळेच. ज्याने पाच सफरी केल्या, त्याने पाचांपैकी तीनदा नासाऊ पाहिले असेल, तर त्यात नवल नाही.

धक्क्यालगतचा रस्ता

जहाज सकाळी धक्क्याला लागते आणि बहुधा संध्याकाळच्या सुमारास निघते. प्रवाशांच्या हाती सात-आठ तास येतात. न्याहारी आणि उतरण्याची रांग यांत त्यातला एखादा तास जातो, शिवाय परतीच्या वेळेआधी जहाजावर पोहोचावे लागते. ग्रँड केमनसारख्या ठिकाणी मोठ्या जहाजांसाठी धक्काच नाही, तेथे छोट्या बोटींनी ये-जा करावी लागते. उरलेल्या वेळात बहुसंख्य प्रवासी धक्क्याजवळच फिरतात. तेथे हिऱ्यांची आणि घड्याळांची दुकाने, अत्तरे, करमुक्त मद्य, रंगीत सदरे आणि शीतकपाटावर चिकटवण्याची चुंबके असतात. दुकानांच्या साखळ्याही पुष्कळदा त्याच. त्यामुळे देश बदलला, चलन बदलले, तरी रस्ता बदलल्यासारखे वाटत नाही. सेंट मार्टिनची राजधानी फिलिप्सबर्ग येथील मुख्य रस्त्यावर गल्ल्यामागे सिंधी व्यापारी बसलेला दिसला आणि त्याने हिंदीत स्वागत केले, की आपल्याकडच्या प्रवाशाला क्षणभर आनंद होतो. तिसऱ्या बेटावरही तसेच स्वागत झाले, की मात्र आपण घरापासून किती दूर आलो आहोत, याविषयीच शंका येऊ लागते.

वहिनींचा कंटाळा हाच होता. तीन सफरींत त्यांनी आठ बंदरे पाहिली होती, पण खऱ्या अर्थाने पाहिला होता तो एकच रस्ता.

जहाज हेच ठिकाण

असे असूनही हजारो लोक दरवर्षी त्याच मार्गावर जातात आणि आनंदाने परततात. त्यांतील पुष्कळांसाठी बेट हे निमित्त असते, खरे ठिकाण जहाज हेच असते. पाठीचे सामान एकदा खोलीत लावले की आठवडाभर उचलायचे नाही, स्वयंपाक नाही, वाहन चालवणे नाही आणि डिसेंबरच्या कडाक्यात डोक्यावर ऊन, एवढ्यावर ते तृप्त असतात. अशा प्रवाशांपैकी काहीजण तर बंदरात उतरतच नाहीत. सारे जहाज रिकामे झालेले असते, तलावाकाठची खुर्ची सहज मिळते आणि पुस्तक वाचून होते. नासाऊ दहाव्यांदा आले काय आणि अकराव्यांदा आले काय, त्यांना फरक पडत नाही.

कंपन्यांनीही हे ओळखले आहे. १९९९ मध्ये 'व्हॉयेजर ऑफ द सीज' या जहाजावर बर्फावरील स्केटिंगची रिंगण आली. जानेवारी २०२४ मध्ये सेवेत आलेले 'आयकॉन ऑफ द सीज' सुमारे २,४८,६६३ टन क्षमतेचे असून त्यावर ७,६०० पर्यंत प्रवासी राहू शकतात. त्यावर सात जलतरण तलाव आहेत. बेटे तीच राहिली, तेव्हा जहाज नवे करावे, असा हा हिशेब आहे.

दुसरा उपाय म्हणजे स्वतःची बेटे. नॉर्वेजियन कंपनीने १९७७ पासून बहामातील ग्रेट स्टिरप के हे छोटे बेट आपल्या प्रवाशांसाठी वापरायला सुरुवात केली. पुढे इतरांनी तोच मार्ग धरला. रॉयल कॅरिबियनने कोकोके बेटाचे २०१९ मध्ये जलक्रीडा उद्यानासह नूतनीकरण केले आणि कार्निव्हलने जुलै २०२५ मध्ये ग्रँड बहामा बेटावर 'सेलिब्रेशन की' हे स्वतःचे ठिकाण उघडले. तेथे वाळू स्वच्छ असते, फेरीवाले नसतात आणि सर्व व्यवस्था जहाजासारखीच असते. ज्याला केवळ विश्रांती हवी, त्याला हे उत्तम आहे. ज्याला दुसऱ्या लोकांचा देश पाहायचा आहे, त्याच्या हाती मात्र तेथे फार काही लागत नाही.

मार्शल यांचा नियम

बँकेच्या सेवेत येताना आपल्यापैकी अनेकांनी अर्थशास्त्रातील घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम पाठ केला असेल. पहिला आंबा जे समाधान देतो, ते पाचवा देत नाही. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात हा नियम मांडताना एक मार्मिक अट घातली होती. मधल्या काळात उपभोग घेणारा माणूस बदलता कामा नये, ही ती अट. चांगले संगीत जितके अधिक ऐकावे तितकी त्याची गोडी वाढते. मार्शल यांच्या मते हा नियमाचा भंग नव्हे, कारण दहाव्या वेळी ऐकणारा कान पहिल्या वेळचा राहिलेला नसतो.

आपल्या प्रश्नाची किल्ली येथे आहे. दुकानांचा रस्ता हा आंब्यासारखा आहे, पाचव्या वेळी तो जड होतोच. बेट हे संगीतासारखे असू शकते, पण त्यासाठी आपला कान थोडा तयार करावा लागतो. सान हुआनला दुकाने टाळून एल मोरो किल्ल्यावर गेले, तर १५३९ मध्ये सुरू झालेले स्पॅनिश बांधकाम दिसते आणि सोन्याचांदीच्या जहाजांचा मार्ग राखण्यासाठी एका साम्राज्याने केलेली धडपड लक्षात येते. सेंट मार्टिनमध्ये दुसऱ्या भेटीत सीमा ओलांडून फ्रेंच बाजूला जाता येते. एवढेसे बेट १६४८ पासून दोन देशांत वाटले गेले आहे. ब्रिजटाऊनमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन तरुणपणी, १७५१ मध्ये, राहून गेले ते घर आहे आणि आपल्याला अधिक जवळचे केन्सिंग्टन ओव्हल मैदानही आहे. तेथील सरकारी निळी बस किंवा खासगी पिवळी बस पकडली, की पर्यटकांऐवजी शाळकरी मुलांच्या शेजारी बसायला मिळते.

सेंट लुशियाचे उदाहरण तर बोलके आहे. दोन लाखांहून कमी लोकसंख्येच्या या बेटाने दोन नोबेल विजेते दिले. आर्थर लुईस यांना १९७९ मध्ये अर्थशास्त्रासाठी आणि डेरेक वॉलकॉट यांना १९९२ मध्ये साहित्यासाठी हा सन्मान मिळाला. विकसनशील देशांत शेतीतील अतिरिक्त श्रमशक्ती उद्योगांकडे कशी वळते, याविषयीचे लुईस यांचे विवेचन भारतातही अभ्यासले जाते. राजधानी कॅस्ट्रीजच्या मध्यावरील चौक वॉलकॉट यांच्या नावाने ओळखला जातो. धक्क्यावरील दागिन्यांच्या दुकानांत मात्र याची चाहूलही लागत नाही.

गुणांचे आकर्षण

पुन्हा पुन्हा जाण्यामागे आणखी एक कारण असते आणि त्याकडे ग्राहक म्हणून सावधपणे पाहायला हवे. प्रत्येक मोठी कंपनी जुन्या प्रवाशांना गुण देते. हे गुण प्रामुख्याने जहाजावर घालवलेल्या रात्रींवर मिळतात, पाहिलेल्या देशांवर नाही. गुण वाढले की श्रेणी वाढते आणि काही पेये, सवलती, स्वतंत्र रांग असे लाभ मिळतात. त्यामुळे जवळची, छोटी आणि ओळखीची सफर पुन्हा घेण्याचा मोह होतो. जहाजावरच पुढील सफरीचे आरक्षण करणाऱ्यांना कमी अनामत किंवा खर्चासाठी काही डॉलर देण्याचीही प्रथा आहे. सुट्टीच्या आनंदात, समुद्राकडे पाहत केलेली ती स्वाक्षरी घरी आल्यावर जड वाटू शकते. मिळणाऱ्या सवलतीचे मूल्य आणि नव्या सफरीचा एकूण खर्च एका कागदावर शेजारी शेजारी मांडावा. श्रेणी टिकवण्यासाठी केलेला खर्च हा प्रवास नसतो, ती वर्गणी असते.

त्याच कागदावर आणखी तीन नोंदी असाव्यात. अमेरिकेत परत प्रवेश मिळण्यासाठी बहुप्रवेशी व्हिसा लागतो आणि बेटांचे नियम वेगवेगळे असतात. जहाजावरील वैद्यकीय उपचार महाग असल्याने विमा आवश्यक आहे. जून ते नोव्हेंबर हा तेथील चक्रीवादळांचा काळ असून त्या वेळी भाडे कमी दिसले, तरी मार्ग ऐनवेळी बदलू शकतो.

बेटांच्या बाजूने

कंटाळा केवळ प्रवाशाचा नसतो. एका दिवशी चार-पाच जहाजे आली की छोट्या शहराच्या लोकसंख्येहून अधिक पाहुणे रस्त्यावर उतरतात. ते जेवायला जहाजावर परततात आणि रात्री निघून जातात. ग्रँड केमनच्या मतदारांनी एप्रिल २०२५ मधील सार्वमतात क्रूझ जहाजांसाठी धक्का बांधण्यास नकार दिला, तो याच पार्श्वभूमीवर. दुसरीकडे, मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे जहाजे थांबली, तेव्हा टॅक्सीचालक, वाटाडे आणि बाजारातील विक्रेते यांची मिळकत एका आठवड्यात आटली. अमेरिकी बंदरांतून सफरी पुन्हा सुरू व्हायला जून २०२१ उजाडला. या बेटांना पाहुणा हवा आहे, पण तो चुंबक विकत घेऊन परतणारा नव्हे, तर बाजारात उतरणारा.

चौथी सफर

सहकारी आणि वहिनी अखेर चौथ्या सफरीला गेले. मात्र या वेळी त्यांनी दक्षिणेकडचा मार्ग घेतला आणि एकच नियम ठरवला. प्रत्येक बंदरात एकच गोष्ट पाहायची आणि तीही धक्क्यापासून दूर. कॅस्ट्रीजमध्ये ते भाजीबाजारात गेले. तेथे वहिनींना जुड्या बांधून ठेवलेली हिरवी, रुंद पाने दिसली. त्यांनी देठ पाहिले, पान उलटून पाहिले. तो चक्क अळू होता. विक्रेत्या बाईंनी सांगितले की या पानांचे कॅलालू नावाचे दाट सूप करतात. वहिनींनी आपल्याकडच्या फदफद्याची कृती सांगितली. चिंच कशासाठी घालतात, हे त्या बाईंना ठाऊक होते. घशाची खवखव तेथेही तीच. दोघींचे बोलणे इतके रंगले की सहकाऱ्यांना घड्याळ दाखवावे लागले, कारण उशीर झाला तर जहाज थांबत नाही.

"तीनदा गेले आणि फक्त हिरे पाहून आले," वहिनी नंतर मला म्हणाल्या, "अळू चौथ्या खेपेला भेटला."

तेव्हा वाचकहो, कॅरिबियनचा कंटाळा येतो का, याचे उत्तर बेटांच्या यादीत सापडणार नाही. विश्रांतीच हवी असेल, तर तीच बेटे पुन्हा घ्यावीत आणि त्यात संकोच मानू नये. नवे काही हवे असेल, तर आधी पाहावे की गेल्या खेपेला आपण धक्क्यापासून किती पावले चाललो होतो.