तार तापते तेव्हा...

मे महिना, नागपूरचं रणरणतं ऊन आणि घरात नणंदेचं लग्न! ऐन गर्दीत सिलिंडर संपलं. म्हटलं, विजेची शेगडी काढू. मग काय, एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर कूलर, इस्त्री, शेगडी, मिक्सर अशी चौघांची पंगत बसली. थोड्या वेळानं सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं, जळका वास काऊन येऊन राह्यला?’’ बघते तर काय, सतरंजीखालची वायर चटका बसेल इतकी तापलेली, पिन काळी पडलेली! धावत जाऊन मेन स्विच बंद केला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

वायरमनदादांनी फ्यूज काढून बघितला. ‘‘वहिनी, इतकी जाड तार कोणी घातली?’’ मी गप्प. सारखा फ्यूज उडतो म्हणून मीच ती बसवून घेतली होती.

मैत्रिणींनो, तारेतून वीज जाताना तिला अडथळा होतो आणि त्यातून उष्णता निर्माण होते. इस्त्रीत नायक्रोमची तार असते, मुद्दाम जास्त अडथळ्याची. वायरीतल्या तांब्याचा अडथळा अगदी कमी. म्हणून प्रवाह तोच असूनही इस्त्री तापते, वायर नाही. पण जूल या इंग्रज शास्त्रज्ञानं १८४१ मध्ये मांडलेला हिशेब लक्षात ठेवा: प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट!

आता माझा हिशेब बघा. इस्त्री १०००, शेगडी १०००, मिक्सर ५००, कूलर २००. एकूण २७०० वॅट. त्याला २३० व्होल्टनं भागलं की जवळपास १२ अँपिअर. बोर्ड होता ६ अँपिअरचा! त्यात पिन सैल, म्हणजे तिथे अडथळा जास्त. वरून सतरंजी, त्यामुळे उष्णता बाहेर जायला वाटच नाही.

फ्यूजची बारीक तार अशा वेळी आधी स्वतः वितळते आणि घर वाचवते. मी मात्र तिलाच दोष देत होते.

आग विझवायला शिकवणारं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून आपल्या नागपुरात आहे. पण आग लागूच नये, याचा धडा आपल्या घरातच गिरवायला हवा. आज एवढं कराच: चालू उपकरणाची वायर हातानं चाचपून पाहू नका, आधी बटण बंद करा, प्लग काढा आणि पिन काळवंडली आहे का ते बघा. काळवंडली असेल, तर वायरमनला आजच बोलवा. लग्नघर असलं तरी!