पाच सेंटिमीटरच्या आत

यकृतातली गाठ सहसा दुखत नाही, आणि घात तिथेच होतो. तात्यांची गाठ सापडली ती पोट दुखलं म्हणून नव्हे. बारामतीच्या डॉक्टरांनी पायावरची सूज बघितली आणि सोनोग्राफीचा हट्ट धरला, म्हणून सापडली. तात्या म्हणजे माझे चुलते. निमगाव केतकीजवळ ऊस आणि थोडा पानमळा. गळ्यात माळ, दारूला कधी शिवले नाहीत. पण मधुमेह जुना, आणि त्याच्या जोडीनं यकृतात वर्षानुवर्षं चरबी साठत गेलेली. त्या चरबीनं यकृत आतून कडक झालं, म्हणजे सिरोसिस झाला, आणि अशा यकृतात कर्करोगाची गाठ धरण्याचा धोका मोठा असतो. गावात मात्र ‘चोरून पीत असणार’ अशी कुजबुज झाली. तिचा मला अजून राग येतो, कारण असल्या बोलण्याच्या धास्तीनं माणसं तपासायलाच जात नाहीत.

पुण्यात सीटी स्कॅन झाला. डॉक्टरांनी आम्हाला पडद्यासमोर बसवलं. शिरेतून रंगद्रव्य सोडल्यावर पहिल्या टप्प्यात गाठ उजळते, कारण तिला रक्त धमनीतून मिळतं. पुढच्या टप्प्यात बाकीचं यकृत उजळतं तेव्हा ती काळवंडते. कडक झालेल्या यकृतात ही खूण इतकी पक्की मानतात की बहुतेक वेळा तुकडा काढून तपासण्याची गरज पडत नाही. डॉक्टरांनी गाठीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक रेघ ओढली. पडद्यावर आकडा आला : ३.४ सेंटिमीटर.

यकृत बदलून चालेल की नाही, ते बरंचसं या आकड्यावर ठरतं. यकृत बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहासच कर्करोगाशी जोडलेला आहे. १९६७ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला थॉमस स्टार्झल यांनी ज्या लहान मुलीचं यकृत बदललं आणि जी पहिल्यांदा वर्षाहून अधिक जगली, तिला यकृताचा कर्करोगच होता. तो उलटला आणि ती गेली. पुढची कित्येक वर्षं मोठमोठ्या गाठींच्या रुग्णांतही तेच होत राहिलं, आणि कर्करोगात यकृत बदलणं वाया जातं असं मत बनलं. १९९६ मध्ये मिलानच्या व्हिन्सेंझो मात्साफेरो यांनी ४८ रुग्णांचा अभ्यास मांडला. गाठ एकच असेल तर पाच सेंटिमीटरपर्यंत, दोन किंवा तीन असतील तर प्रत्येक तीनपर्यंत, रक्तवाहिनीत शिरलेली नाही आणि यकृताबाहेर पसरलेली नाही, एवढ्यांनाच त्यांनी निवडलं होतं. चार वर्षांनी पंचाहत्तर टक्के रुग्ण हयात होते. आज काही ठिकाणी ही मर्यादा थोडी सैल करतात, पण मोजमापाची सुरुवात मिलानपासूनच होते.

“गाठ तेवढी कापून काढा की,” तात्या म्हणाले. डॉक्टरांनी समजावलं, की उरलेलं यकृत इतकं थकलंय की कापणं सोसणार नाही. आणि सोसलं तरी त्यात नव्या गाठी येत राहतील. तात्या थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे एक रोगट बेट उपटून भागत नाही. फडच मोडायचा.”

मेंदू मृत झालेल्या दात्याचं यकृत पुणे विभागात झेडटीसीसीच्या, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या, यादीतून मिळतं. नाव नोंदवलं, पण यादी कधी सरकेल ते कुणाच्या हातात नसतं. २०१२ मध्ये माजी मुख्यमंत्री विलासराव देशमुखांसारखा माणूस चेन्नईत यकृताची वाट बघता बघता गेला. गाठ तर थांबत नाही. म्हणून घरातला दाता.

मी तयार होतो. पण अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यातल्या जवळच्या नात्यात पुतण्या बसत नाही. नवरा-बायको, मुलं, आई-वडील, भावंडं, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडं. माझ्यासारख्याला प्राधिकार समितीची वेगळी परवानगी लागते. काकूंचा रक्तगट जुळेना. मुलाचा जुळला, तर त्याच्याच यकृतात चरबी निघाली. तिशीतला पोरगा, कधी तापानं झोपून राहिला नाही. राहिली मुलगी, बारामतीला दिलेली.

समन्वयक बाईंनी तिला एकटीला आत घेतलं. नवरा, भाऊ, आई, सगळे बाहेर. ती नंतर मला म्हणाली, “दादा, त्यांनी सांगितलं, तुमच्या मनात नसेल तर आम्ही घरच्यांना ‘तपासणीत बसत नाही’ एवढंच सांगू. खरं कारण कुणाला कळणार नाही.” तिनं होच म्हटलं. पण ही वाट तिच्यासाठी उघडी ठेवली होती, याचं मला फार मोल वाटतं. आपल्याकडे यकृत देणाऱ्यांत बायका जास्त असतात, आणि प्रत्येकीला खरोखर विचारलेलं असतंच असं नाही.

कागदांनी मात्र दमवलं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, लग्नाची नोंदणी झालेलीच नाही. ग्रामपंचायतीत नोंद, लग्नाचे फोटो, रेशनकार्ड, आणि मग नात्याची खातरजमा करणारी मुलाखत, तीही चित्रीकरणासह. दरम्यान गाठ वाढू नये म्हणून जांघेतल्या धमनीतून नळी घालून गाठीच्या रक्तवाहिनीत औषध सोडलं आणि ती बंद केली. खर्च वीस-पंचवीस लाखांच्या घरात. सोसायटीचं कर्ज, पाहुण्यांकडून उसने, मुख्यमंत्री सहायता निधी, दोन ट्रस्टचे अर्ज.

यकृताचं गणितही मांडलं गेलं. घेणाऱ्याच्या वजनाच्या किमान ०.८ टक्के यकृत लागतं. तात्यांचं वजन ६८ किलो, म्हणजे साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास. देणाऱ्याजवळ निदान तीस टक्के उरलं पाहिजे. तिचा उजवा भाग घेतल्यावर छत्तीस टक्के उरत होतं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी शेजारशेजारी दोन थिएटरं. आधी तात्यांचं पोट उघडून कर्करोग बाहेर पसरलेला नाही ना, ते बघितलं. तसं काही आढळलं असतं, तर पोरीच्या यकृताला हात लावला नसता. मग तिच्या यकृताचा भाग वेगळा करून थंड द्रावणानं धुतला. जुनं यकृत निघालं, नवं बसलं. आधी शिरा, मग धमनी, शेवटी पित्तनलिका. शिरांवरचे चिमटे सोडले की फिकट यकृत बघता बघता लाल होतं, असं सर्जन सांगत होते. रात्री त्यांनी बाहेर येऊन आम्हाला ट्रेमधलं जुनं यकृत दाखवलं. हिरवट-पिवळं, वरून खडबडीत, बोटानं दाबलं तरी दबणार नाही असं. मधोमध चिरलेल्या जागी पांढुरकी गाठ, सुपारीपेक्षा थोडी मोठी. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि तरी बघत राहिल्या.

मुलगी आठवड्याभरात घरी गेली. देणाऱ्याचं यकृत काही महिन्यांत जवळजवळ मूळ आकाराला येतं. तात्यांना सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी टॅक्रोलिमसची गोळी, जन्मभर. शरीरानं नवं यकृत नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबायची, आणि फार दाबली तर उरलासुरला कर्करोग डोकं वर काढू शकतो. म्हणून रक्तातलं गोळीचं प्रमाण सारखं तपासत राहायचं. मिलानच्या मापात बसूनही शंभरातल्या दहा-पंधरा जणांत रोग उलटतो. दर काही महिन्यांनी सीटी आणि रक्तातल्या एएफपी या कर्करोगसूचक प्रथिनाची तपासणी आहे. तुकोबांची पालखी निमगावला मुक्कामी आली तेव्हा तात्या मास्क लावून ओसरीवरच थांबले.

सिरोसिस असलेल्या प्रत्येकाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व्हायला हवी. ती इंदापुरात होते, बारामतीत होते. तिच्यासाठी पुणं गाठावं लागत नाही. तात्यांना हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. आता भावकीतल्या मधुमेहवाल्यांना आम्ही एकेक करून तपासायला नेलं. दोघांचं यकृत कडक झालेलं निघालं. गाठ नाही. दोघांच्याही फाइलवर पुढची तारीख लिहिलेली आहे, आणि ती माझ्याही वहीत आहे. तात्यांचा मुलगा रोज पहाटे नीरा डाव्या कालव्याच्या कडेनं चालायला जातो.