मूक नायक आणि बोलकी गौण पात्रे

कथात्मक वाङ्मयात गौण पात्रांचे प्रयोजन काय, ह्या प्रश्नाचा ऊहापोह आपल्याकडे नाटक व कादंबरी ह्या दोन प्रकारांच्या संदर्भात पुष्कळ झाला आहे. गौण पात्र नायकास उठाव देते, कथानकास गती देते अथवा विरंगुळा पुरविते, असे सामान्यतः मानले जाते. परंतु नायक जेथे मुळीच बोलत नाही, अशा कथाप्रकारात भाषेचा सर्व भार ह्याच पात्रांवर पडतो, आणि मग त्यांचा विचार साहित्यशास्त्राइतकाच भाषाशास्त्राचाही विषय होतो. अद्‌भुत साहसकथेवर आधारलेला व्हिडिओ गेम हा असा एक प्रकार होय. प्रस्तुत लेखात निन्टेन्डो ह्या जपानी कंपनीच्या 'द लेजंड ऑफ झेल्डा' ह्या मालेतील काही गौण पात्रांच्या आधारे ह्या प्रश्नाची मांडणी करण्याचे योजिले आहे.

ह्या मालेतील पहिला खेळ २१ फेब्रुवारी १९८६ रोजी जपानमध्ये प्रसिद्ध झाला. शिगेरु मियामोतो व ताकाशी तेझुका हे त्याचे प्रमुख रचनाकार. खेळाच्या आरंभीच नायक लिंक एका गुहेत शिरतो. तेथे उभा असलेला वृद्ध एकट्याने जाण्यातील धोका सांगतो व त्याच्या हाती लाकडी तलवार देतो. वृद्ध बोलतो, लिंक ऐकतो. नायकाच्या उत्तराचे वाक्य पडद्यावर उमटत नाही. पुढील जवळजवळ चार दशकांत खेळाचे रूप आमूलाग्र बदलले, २०१७ मधील 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' ह्या खेळात इतर प्रमुख पात्रांना ध्वनिमुद्रित आवाजही लाभला. तरी लिंक मूकच राहिला. त्या खेळात राजकन्या झेल्डाच्या रोजनिशीत ह्या मौनाचे कारणही दिलेले आढळते: सर्वांचे डोळे आपल्यावर असताना सारा भार निमूटपणे वाहिला पाहिजे, असे त्याला वाटते. नायकाच्या मौनाचे समर्थनदेखील दुसऱ्याच पात्राच्या लेखणीतून यावे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

नायक मूक असल्यामुळे येथील संभाषणाची घटना साध्या संभाषणाहून निराळी होते. वक्ता एक असतो, पण श्रोते दोन: कथेतील लिंक आणि कथेबाहेरील खेळाडू. एकच वाक्य दोघांस उद्देशून उच्चारावयाचे असते, आणि त्या दोघांचे ज्ञान सारखे नसते. तलवार कशी चालवावी हे लिंकला ठाऊक असावयास हवे. त्यासाठी कोणती कळ दाबावी हे खेळाडूला ठाऊक नसते. ह्या द्विविध श्रोतृत्वातून उत्पन्न होणारी अडचण १९९३ मधील 'लिंक्स अवेकनिंग' ह्या खेळाने मोठ्या चातुर्याने सोडविली आहे. तेथील बेटावरची लहान मुले खेळाची नोंद कशी जतन करावी हे बिनचूक सांगतात आणि लगेच पुस्ती जोडतात की, आपण लहान असल्याने ह्या बोलण्याचा अर्थ आपल्याला कळत नाही. वक्त्याला स्वतःच्या वाक्याचा अर्थ ठाऊक नाही, पण श्रोत्याला तो अचूक पोहोचतो, असा हा विरळा प्रसंग होय.

ह्याहून पुढचे पाऊल १९९८ मधील 'ऑकरिना ऑफ टाइम' ह्या खेळात पडले. ह्या मालेतील हा पहिला त्रिमितीय खेळ. त्रिमितीय अवकाशात लिंकचे लक्ष्य कोणते, हे दाखविण्यासाठी प्रथम एक साधी त्रिकोणी खूण योजिली होती. ती नीरस वाटल्याने योशिआकी कोइझुमी ह्यांनी तिच्या जागी एक छोटी परी आणली, आणि मार्गदर्शनवाचक 'नॅव्हिगेशन' ह्या इंग्रजी शब्दाचे आद्य अवयव घेऊन तिचे नाव 'नावी' पडले. अर्थात येथे आधी कार्य होते, मग नाव आले, आणि नावापाठोपाठ व्यक्तित्व. नावी वारंवार हाक मारून लक्ष वेधते. त्या हाकेला स्वतःचा असा आशय नाही. केवळ संपर्क जागा ठेवणे एवढेच तिचे कार्य. पुष्कळ खेळाडूंना ही हाक कंटाळवाणी वाटली, हे खरे. परंतु कथेच्या अंती नावी निघून जाते, आणि २००० मधील 'मेजोराज मास्क' हा पुढील खेळ सुरू होतो तो लिंक एका दुरावलेल्या सोबत्याच्या शोधात भटकत असताना. जी मुळात एक खूण होती तिचा वियोग पुढील कथेचे निमित्त व्हावा, ह्यात भाषेचा वाटा किती मोठा आहे हे सांगावयास नको. बोलण्यास प्रारंभ केलेली वस्तू श्रोत्याच्या लेखी वस्तू राहत नाही.

आता ह्या पात्रांच्या बोलीकडे वळू. गौण पात्राला पडद्यावर चार-दोन वाक्यांहून अधिक अवसर क्वचितच मिळतो. तेवढ्यात त्याचे वय, दर्जा व स्वभाव कळावयाचे, तर भाषेचे रूपच बोलके असावे लागते. जपानी भाषाशास्त्रज्ञ सातोशी किन्सुई ह्यांनी अशा भाषेस 'याकुवारिगो', म्हणजे भूमिकाभाषा, अशी संज्ञा दिली व २००३ मधील ग्रंथात तिचे सविस्तर विवेचन केले. जपानी कथांतील वृद्ध ज्ञानी पुरुष स्वतःस 'वाशी' म्हणतो आणि वाक्याच्या शेवटी 'जा' हे क्रियारूप योजितो. प्रत्यक्षात मात्र जपानमधील वृद्ध सर्रास असे बोलत नाहीत. किन्सुई ह्यांच्या मते ह्या संकेताचे मूळ एदो नगरीत आहे. तेथील तरुण पिढी स्थानिक बोली उचलीत असता वयस्क व विद्वान मंडळी पश्चिम जपानची जुनी प्रतिष्ठित रूपे जपून होती. हा भेद नाटकांनी व कथांनी टिपला आणि वास्तवातून तो लोपल्यावरही वाङ्मयात टिकून राहिला.

भारतीय वाचकास ह्यात अपरिचित असे काही वाटू नये. संस्कृत नाटकांत उच्च दर्जाचे पुरुष संस्कृत बोलतात. स्त्रिया व विदूषक शौरसेनी बोलतात. स्त्रियांची गेय पद्ये महाराष्ट्रीत येतात. नीच पात्रांच्या वाट्यास मागधी येते. 'मृच्छकटिक' नाटकातील शकाराच्या तोंडी सकाराचा शकार होतो, आणि त्या एका वर्णावरून त्याचे सोंग उभे राहते. विदूषक जातीने ब्राह्मण असूनही प्राकृत बोलतो, ह्यावरून ही योजना समाजाचे छायाचित्र नसून भूमिकांचा संकेत आहे, हे स्पष्ट होते. भूमिकाभाषा ही प्रदेशाची वा वर्गाची बोली नव्हे. त्या बोलीविषयी श्रोत्यांच्या मनांत असलेल्या समजुतीची ती बोली होय.

असा संकेत एका भाषेतून दुसरीत नेताना काय घडते? 'ऑकरिना ऑफ टाइम' मधील देकू नावाचा महावृक्ष इंग्रजी आवृत्तीत 'दाऊ' हे लुप्तप्राय द्वितीयपुरुषी सर्वनाम वापरतो. जपानीत जे कार्य वाक्यान्तीच्या क्रियारूपाने साधते, ते इंग्रजीत जुन्या सर्वनामाने साधले आहे. रूपे भिन्न, परिणाम एक. परंतु हे साम्य सर्वत्र राखले जातेच असे नाही. १९८७ मधील दुसऱ्या खेळात रुतो गावच्या एका घरात 'एरर' नावाचा मनुष्य भेटतो. 'एरर' म्हणजे चूक. अरण्यात राहणाऱ्या दुसऱ्या एका पात्राचे जपानी नाव 'बागु', म्हणजे संगणकाच्या आज्ञावलीतील दोषाला वापरल्या जाणाऱ्या 'बग' ह्या इंग्रजी शब्दाचा जपानी उच्चार. दोन्ही नावे एकत्र पाहिली म्हणजे रचनाकारांचा विनोद उघड होतो. १९८८ मधील इंग्रजी आवृत्तीत पहिले नाव अर्थासह आले, दुसरे मात्र जपानी उच्चारानुसार 'बागु' असेच लिहिले गेले. जोडी तुटली, विनोद हरपला, आणि आपले नाव सांगणाऱ्या त्या बापड्याचे वाक्यच चुकीने छापले गेले, असा समज अनेक खेळाडूंनी करून घेतला.

ह्याउलट 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' मधील एक उदाहरण यशस्वी म्हणावे लागेल. एका बांधकाम-संस्थेचा असा नियम आहे की, तीत काम करणाऱ्याचे नाव ठरावीक प्रत्ययाने संपले पाहिजे. जपानीत ती नावे साकुरादा, एनोकिदा, कात्सुरादा अशी, म्हणजे वृक्षनामांस 'दा' जोडून झालेली आहेत. इंग्रजीत त्यांची बोल्सन, हडसन, कार्सन अशी 'सन'-अन्त नावे झाली. हडसन हा कारागीर एका ओसाड जागी नवे गाव वसवितो आणि त्या नियमानुसारच माणसे जमवितो. अग्निपर्वतावरचे गोरोन, पक्षिरूप रितो, जलवासी झोरा व मरुभूमीतील गेरुदो अशा भिन्न जमातींतील ही माणसे केवळ नावाच्या शेवटामुळे एका गावची होतात. गेरुदो जमातीतील राँडसन ही तर स्त्री आहे आणि हडसन तिच्याशी विवाह करतो. 'पुत्र' ह्या अर्थाचा प्रत्यय स्त्रीच्या नावात येतो आणि कोणासही खटकत नाही. कारण वंशवाचक अर्थ गळून तो आता सदस्यत्व तेवढे दर्शवितो. प्रत्ययाच्या अर्थक्षयाचे ह्याहून सुबोध उदाहरण विद्यार्थ्यांपुढे ठेवणे कठीण.

हे सर्व खेळ मराठीत अधिकृतपणे आलेले नाहीत. ते आणावयाचे झाल्यास अनुवादकापुढे कोणते प्रश्न उभे राहतील? 'सन'साठी आपला 'कर' सहज सुचतो. मात्र 'कर' आधी गाव गृहीत धरतो, आणि येथे तर 'कर'-अन्त माणसांमुळे गाव निर्माण व्हावयाचे आहे. महावृक्षाच्या 'दाऊ'साठी 'तू' योजावे, तर मराठी 'तू'मध्ये जवळीक आहे, प्राचीनता नाही. ती अन्य मार्गाने आणावी लागेल. सर्वांत बिकट प्रश्न 'ऑकरिना ऑफ टाइम' मधील शीक ह्या पात्राचा. शीक म्हणजे सात वर्षे वेषांतर करून राहिलेली राजकन्या झेल्डा होय, हे रहस्य कथेच्या अखेरीस उलगडते. जपानी व इंग्रजी क्रियापदांस लिंग नसल्यामुळे तेथे ते सुखेनैव झाकले जाते. मराठीत मात्र 'मी आलो' म्हणावे तर वाचकाची फसवणूक, 'मी आले' म्हणावे तर रहस्यभेद. तथापि मराठी व्याकरणातच ह्यावर तोडगाही आहे. 'मी पाहिले', 'मी येईन', 'मी जात असे', 'मला ठाऊक आहे' ह्या रचनांत वक्त्याचे लिंग प्रकट होत नाही. 'आम्ही आलो' हे रूपही उभयलिंगी आहे. परंतु एकवचनी अर्थाचा 'आम्ही' राजकुलाचा असल्याने लिंग झाकताना कूळ उघडे पडेल.

शेवटी एका प्रश्नाचा निर्देश अवश्य केला पाहिजे. 'मेजोराज मास्क' ह्या खेळात कोसळू पाहणाऱ्या चंद्राखालील एका नगराचे तीन दिवस पुनःपुन्हा येतात. प्रत्येक पात्राची दिनचर्या ठरलेली आहे आणि त्याचे बोलणे दिवस-घटकेनुसार बदलते. चंद्र पडणार नाही असे बजावणारा सुतारांचा मुकादम अखेरच्या रात्री चौकात एकटा उरतो. आंजू ह्या तरुणीची तिच्या हरवलेल्या वराशी अखेरच्या काही घटकांत भेट घडवून आणता येते. पण लिंकने काळ मागे फिरविला की ती भेट झालेलीच नसते. नोंदवही लिंकजवळ राहते, आंजू पुन्हा पहिल्या सकाळी वाट पाहत असते. तिचे पहिल्या दिवशीचे वाक्य अक्षरशः तेच असते, परंतु ऐकणारा तो राहिलेला नसतो. वाक्याचा अर्थ शब्दांत किती आणि श्रोत्याच्या स्मृतीत किती, ह्या जुन्या प्रश्नाला येथे जणू प्रयोगशाळाच लाभली आहे: शब्द, वक्ता, स्थळ व काळ ही चारही अंगे स्थिर ठेवून केवळ श्रोत्याचे ज्ञान बदलण्याची सोय प्रत्यक्ष संभाषणात कधी मिळत नाही. ह्या पात्रांना मुख्य कथेत दुय्यम स्थान असेल. भाषेच्या अभ्यासकाने मात्र त्यांच्यापासूनच प्रारंभ करावयास हवा.